बिबट्याचे पुनर्वसन आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, बिबट्यावर बोलतो. दोघे-तिघे हसले. वर्धापन दिनाला बिबट्या कुठून आला? पण तो आला आहे, हे आपल्याला सर्वांना माहीत आहे. गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीमागे तो दिसला, कुणीतरी मोबाईलवर काढला आणि त्या दिवसापासून संध्याकाळी सातनंतर आपल्या आयाबाया पोरांना घराबाहेर सोडत नाहीत. आता वस्तीत एक अर्ज फिरतो आहे. "वनखात्याने तातडीने पिंजरा लावून बिबट्यास जेरबंद करावे व दूरच्या जंगलात सोडावे." माझ्याकडेही सहीला आला. मी सही केली नाही. त्यावरून काही मंडळी माझ्यावर नाराज आहेत. ती नाराजी रास्त आहे, म्हणून चार लोकांत उत्तर द्यावे असे ठरवले.

मी काही शिकलेला वक्ता नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढचे शिक्षण मिलच्या युनियनच्या वाचनालयात. मिल बंद पडली, आता भिवंडीला यंत्रमागावर जातो. तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट कबूल करतो. असा पहिला अर्ज २००३ साली या वस्तीतून गेला, तो माझ्याच हातचा होता.

जुन्या लोकांना आठवत असेल. त्या पावसाळ्यात बिबट्याने आधी कुत्री उचलली. मग एका संध्याकाळी नाल्याकडे परसाकडला बसलेल्या आठ वर्षांच्या पोराच्या पाठीवर पंजा मारला. आरडाओरड झाली, जनावर पळालं, पोरगं वाचलं. आज ते रिक्षा चालवतं. (समोर बसला असशील तर हात वर करू नको, सगळे वळून बघतील.) मी तेव्हा साचेखात्यात होतो, रात्रपाळी करून पहाटे याच रस्त्याने घरी यायचो. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला. एकशेऐंशी सह्या झाल्या. मोर्चा नेला. पिंजरा आला, आत बकरू बांधलं, आणि नवव्या रात्री बिबट्या अडकला.

सकाळी सगळी वस्ती लोटली. मीही धाकट्या पोरीला खांद्यावर बसवून गेलो. जनावर गजांवर डोकं आपटत होतं. कपाळ फुटलं होतं, गज चावून चावून एक सुळा तुटला होता. पोरं काठ्या आत घालून डिवचत होती, मोठी माणसं हसत होती. मी तिथे उभं राहून "हा आपल्या एकजुटीचा विजय आहे" असं भाषण केलं आणि पेढे वाटले. घरी आल्यावर पोरगी विचारते, "पप्पा, त्याने काय केलं होतं?" म्हटलं, दादाला मारलं ना त्याने. ती म्हणाली, "ह्यानेच?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिंजऱ्याला काय कळतं हो? बकरू ओरडतं, जो भुकेला आणि जवळ असेल तो आत जातो. ज्याने पंजा मारला तोच अडकला की दुसराच कुणी, हे ना मला माहीत होतं ना कुणाला. पंचनामा नाही, ओळखपरेड नाही, थेट जन्मठेप. आपल्या लोकांवर असं होतं तेव्हा आपण रस्त्यावर उतरतो.

आणि दोन महिन्यांत दुसरा बिबट्या आला. पेढे फुकट गेले.

हे असं का झालं ते मला कळायला आठ-नऊ वर्षं लागली. २००२ ते २००४ हा काळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती फार वाईट गेला. आपलं येऊर त्याच उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. माणसांवरचे हल्ले वाढत गेले, २००४ चा जून तर सर्वात भयंकर. पुढे २०११ साली वनखात्याने नागरिकांना आणि अभ्यासकांना बरोबर घेऊन एक मोहीम सुरू केली आणि वस्त्यावस्त्यांतून सभा घेतल्या. अशा एका सभेला मी भांडायलाच गेलो होतो. तिथे जुन्नरचा हिशोब ऐकला आणि खाली बसलो.

तो हिशोब असा. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात उसाचं पीक वाढलं, बिबट्या उसात राहू लागला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ च्या फेब्रुवारीपासून तिथले बिबटे मोठ्या प्रमाणावर धरून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. आपण अर्जात मागतो तेच. त्यानंतर हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले आणि त्यात माणूस मरण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला.

कारण मी माझ्या भाषेत सांगतो. मिलमध्ये साच्यावर वीस वर्षांचा जाणता माणूस असतो. कुठला धागा कधी तुटणार हे त्याला कानाने कळतं. त्याला काढला की त्या साच्यावर बदलीवाले येतात, आज हा उद्या तो. मग दिवसभर धागे तुटतात. बिबट्याचंही तसंच. जुना बिबट्या आपला इलाखा धरून असतो. माणूस कधी उठतो, पाण्याला कधी जातो, कुठल्या वाटेला दिवा आहे, हे सगळं त्याला ठाऊक असतं आणि तो टाळून राहतो. त्याला उचललं की जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे तरणे, न कळते बिबटे त्या जागेसाठी येतात. आणि ज्याला उचलून लांब सोडलं, तो अनोळखी मुलखात, जखमी, दात तुटलेला, माणसाच्या हातून छळ सोसून आलेला. तो तिथल्या गावाला भारी पडतो. म्हणजे आपण आपलं संकट दुसऱ्या कुणाच्या वस्तीत टाकतो, आणि त्या वस्तीतही आपल्यासारखीच गरीब माणसं असतात.

शिवाय तो सोडला तिथे राहतच नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर इथे एक नर बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढला, बेशुद्ध करून गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. वय झालेला, म्हणून लोक त्याला "आजोबा" म्हणू लागले. पुढे त्यावर सिनेमाही निघाला. हा आजोबा माळशेजहून चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, आग्रा हायवे ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून बोरिवलीच्या उद्यानात पोहोचला. आपला अख्खा ठाणे जिल्हा पालथा घातला. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावल्याची नोंद नाही. आपण लोकलमध्ये घुसताना एवढं सभ्य वागत नाही. २०११ च्या डिसेंबरात तो अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली.

त्याला कुठे जायचं होतं ते त्याला माहीत होतं. आपण त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

पुनर्वसन हा शब्द आपल्या लोकांना मी काय समजावून सांगणार! उद्यानातल्या झोपड्या कोर्टाच्या आदेशाने तुटल्या तेव्हा त्या लोकांना आधी कल्याणच्या पलीकडे शिरढोणला जागा दाखवली होती. काम मुंबईत, शाळा मुंबईत आणि घर तिकडे. लोकांनी नाकारलं, लढले, तेव्हा पुढे चांदिवलीला घरं मिळाली. आम्हा गिरणीवाल्यांनाही आता शेलू-वांगणीचं नाव ऐकवतात. उचलून लांब नेऊन टाकणं याला पुनर्वसन म्हणत नाहीत, हे माणसाच्या बाबतीत आपण छाती ठोकून सांगतो. जनावराच्या बाबतीत मात्र आपलाच अर्ज तोच शब्द वापरतो.

आता कुणी म्हणेल, मग जखमी जनावराला, पोरक्या पिल्लाला वाचवायचंच नाही का? वाचवायचं. पण ते काय काम असतं ते बघा.

माझ्या थोरल्या मुलीने मला मोबाईलवर आफ्रिकेतली एक फिल्म दाखवली. केनिया देशाची राजधानी नैरोबी. शहराला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, आपल्या बोरिवलीसारखंच, फक्त तिथे सिंह आहेत. त्या उद्यानात हत्तीच्या पोरक्या पिल्लांचा आश्रम आहे. हस्तिदंतासाठी आई मारली जाते, पिल्लू उरतं. डॅफ्नी शेल्ड्रिक नावाच्या बाईंनी १९७७ साली पतीच्या स्मरणार्थ ही संस्था काढली. त्या २०१८ साली वारल्या, संस्था चालू आहे. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही, मरतं. त्याला चालेल असं दूध जमवायला या बाईंची कैक वर्षं गेली. शेवटी जमलं त्यात नारळाचं तेल होतं! आमच्या सौ. म्हणाल्या, "कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिथे पिल्लाला दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजतात. आईच्या पोटाला सोंड टेकवल्यासारखं वाटावं म्हणून घोंगडी टांगतात. रात्री माणूस त्याच्याजवळच गोठ्यात झोपतो. पण रोज तोच माणूस नाही, आळीपाळीने. कारण पूर्वी एका पिल्लाने बाईंचाच इतका लळा घेतला होता की त्या मुलीच्या लग्नाला थोडे दिवस बाहेर गेल्या, तर ते झुरून मेलं. वाचवणाऱ्याने फार जवळ घेणं हेही मारणंच झालं, हे त्या बाईंना असं शिकावं लागलं. पिल्लं मोठी झाली की त्साव्हो नावाच्या मोठ्या जंगलात नेतात. तिथे रोज थोडं थोडं रानटी कळपाशी मिसळू देतात. कुणाला पाच वर्षं लागतात, कुणाला दहा. जायचं कधी ते हत्ती ठरवतो. काही हत्तिणी पुढे स्वतःचं पिल्लू घेऊन जुन्या माणसांना भेटायला येतात. हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

पण हे बिबट्याला लागू होत नाही, हे लक्षात घ्या. हत्ती कळपाचा प्राणी, त्याला कळप सामावून घेतो. बिबट्या एकटा. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला बिबट्या माणसाला भीत नाही. असा बिबट्या मोकळा सोडणं म्हणजे गावावर संकट. म्हणून असं पिल्लू जन्मभर पिंजऱ्यात राहतं. बोरिवलीला उद्यानात तशी सोय आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं निवारा केंद्र आहे. तिथे डॉक्टर आहेत, उपचार आहेत. पण तिथल्या कित्येक बिबट्यांना पुन्हा रान दिसणार नाही.

म्हणून माणिकडोहच्या मंडळींचं जे काम मला सर्वात मोठं वाटतं, ते पिंजऱ्यातलं नाही, उसातलं आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. ऊसतोड कामगार, म्हणजे आपल्याच नात्यागोत्यातली माणसं, घाबरतात. कुणाला वाटतं आई सोडून गेली. ती गेलेली नसते, दिवसभर कुठेतरी दबून बसलेली असते. डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, गोचीड काढतात, अंगात तांदळाएवढी चिप घालतात आणि अंधार पडायच्या आत जिथे सापडली त्याच फडात, त्याच जागेवर खोक्यात ठेवतात. कॅमेरा लावून सगळे लांब जातात. रात्री आई येते, वास घेते, मानगुटीला धरून एकेक उचलून नेते. अशी कितीतरी पिल्लं आईकडे परत गेली आहेत. यात खर्च थोडा आणि गाजावाजा नाही. शहाणपण एकच, सगळ्यांनी वेळेवर मागे सरायचं.

सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट आपण पोरांना बालवर्गात सांगतो. बाबासाहेबांनीही "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये तो प्रसंग घेतला आहे. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, इथपर्यंत आपण सांगतो आणि थांबतो. पण सिद्धार्थाने तो पक्षी वाड्यात कोंडून ठेवला, असं कुणी कधी सांगितलं आहे का?

आपल्या कान्हेरीचं बघा. बुद्ध पौर्णिमेला आपण बस करून जातो. त्या डोंगरात भिक्खू जवळजवळ हजार वर्षं राहिले. तेव्हा जंगल आजच्याहून दाट होतं आणि श्वापदं जास्त. लेण्यांतले शिलालेख तज्ज्ञांनी वाचले आहेत. कुणी लेणं दान दिलं, कुणी पाण्याची पोढी दान दिली. पिंजरा दान दिल्याचा एकही लेख नाही. (हशा) आणि सोपाऱ्याला १८८२ साली ज्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, त्याच लेखमालेत माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय केल्याचं लिहिलं आहे. येऊरच्या पाड्यांवरचे आदिवासी बांधव आजही बिबट्याच्या शेजारी राहतात. वारली लोक वाघोबाला देव मानतात. मी देव मानत नाही. पण अंधार पडल्यावर पोराला एकटं न सोडणं आणि कोंबड्या बंद खुराड्यात ठेवणं हे त्यांच्याकडून शिकायला देव मानावा लागत नाही.

चार वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेला विहारातलं खीरदान आटोपून मी येऊरला प्राणीगणनेसाठी मचाणावर बसलो होतो. पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. रात्रभर डास आणि एक सांबर. पहाटे चारच्या सुमाराला बिबट्या आला. पाणी प्यायला, एकदा वर बघितलं आणि गेला. त्याला माझं काही पडलं नव्हतं.

आता भीतीचं बोलतो, कारण भीती खोटी नाही. २०१९ च्या २० फेब्रुवारीला ठाण्यात कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला. शेवटी जवळच्या हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून धरलं, कुणाला इजा नाही. २०२२ च्या २४ नोव्हेंबरला कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात बिबट्या इमारतीत शिरला, तिथे मात्र माणसं जखमी झाली. असं भरवस्तीत कोंडलेलं जनावर धरावंच लागतं, त्याला माझी ना नाही. पण भुलीचं इंजेक्शन म्हणजे सिनेमातली गोळी नव्हे. वजनाचा अंदाज घेऊन मात्रा ठरते, आणि सुई लागल्यावर दहा-पंधरा मिनिटं जनावर शुद्धीतच असतं. त्या वेळात हजार माणसं शिट्ट्या मारत असतील, तर बिथरलेल्या जनावराला भूल लवकर चढत नाही आणि ते वाट फुटेल तिकडे, म्हणजे माणसांवरच, धावतं. वनखात्याचे लोक सांगतात, आमचं अर्धं बळ बिबट्यापेक्षा गर्दी आवरण्यात जातं.

आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला लहान मुलं मारली गेली. लोकांनी रस्ते अडवले, शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या मुलांच्या आईसमोर उभं राहून हे भाषण करायची माझी हिंमत नाही, हेही मी इथे सांगून टाकतो. माणूस मारण्याची सवयच लागलेलं जनावर हटवलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की टाकीमागे दिसला म्हणजे तो माणूसमारा ठरत नाही. उद्यान आणि आजूबाजूचा परिसर मिळून २०१५ साली ३५ बिबटे मोजले होते, २०१८ साली ४७. ते काल नव्हते आणि आज आले असं नाही. दिसला की धरा म्हटलं तर किती पिंजरे लावणार?

तो आपल्याकडे का येतो याचंही उत्तर आपल्या दारात आहे. उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात सुमारे पाव हिस्सा कुत्र्यांचा असतो, असं अभ्यासात आढळलं. कुत्री कशावर जगतात? आपल्या कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर. चिकनच्या दुकानाची पिसं आणि आतडी रात्री नाल्यात पडतात. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते, ती पण आली तर. टाकीकडच्या वाटेवरचे तीन दिवे पावसाळ्यापासून बंद आहेत. आणि आपल्या वरच्या गल्लीतल्या बायकांना अजूनही अंधारात बाहेर जावं लागतं, कारण सार्वजनिक शौचालयाचं दार मोडलंय आणि आत पाणी नाही. २००३ साली ते पोरगं नाल्याकडे का बसलं होतं? तेव्हाही हेच कारण होतं. माझ्या अर्जात त्याचा एक शब्द नव्हता. बिबट्याला दूर पाठवा म्हणून मोर्चा काढला आणि दरवाजा बसवा म्हणायला विसरलो.

म्हणून मी नवा अर्ज लिहून आणला आहे. अक्षर आता पूर्वीइतकं चांगलं राहिलं नाही, मुलीने टाईप करून दिला. त्यात पिंजरा नाही. टाकीकडचे दिवे, रोज कचऱ्याची गाडी, चिकनवाल्यांच्या घाणीचा बंदोबस्त, कुत्र्यांची नसबंदी, शौचालयाचं दार आणि पाणी, आणि वनखात्याने वस्तीत येऊन एक सभा घ्यावी, एवढ्या मागण्या आहेत. खाली वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर मोठ्या अक्षरात घातलाय, तो घरोघरी चिकटवा. बिबट्या दिसला तर पोरांना आत घ्या, फोन लावा आणि कृपा करून व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका.

ज्यांनी पहिल्या अर्जावर सही केली आहे त्यांनी याच्यावरही केली तर माझी हरकत नाही. दोन्ही अर्ज घेऊन सोमवारी सकाळी साडेदहाला आपण महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि तिथून वनखात्याच्या कार्यालयात जाणार आहोत. जुना अर्ज द्यायचा की नाही ते तिथे जायच्या आधी वस्तीने ठरवावं, मी एकट्याने नाही. कागद मागच्या टेबलावर बुद्धवंदनेच्या पुस्तकांशेजारी ठेवलाय. पेनाला दोरी बांधली आहे, नेऊ नका.

जय भीम, नमो बुद्धाय.